'जीव नको झालाय' असं कुणी म्हणालं तर

सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी लाइट गेली की गल्लीतल्या चार घरांतून एकच वाक्य ऐकू येतं, "जीव नको झालाय बघा." उकडतंय, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या बोलण्याची तऱ्हाच ती. पोरगं उशिरा घरी आलं की आई विचारते, "कुठं मेला होतास?" पाहुणे गेले की "सुटलो बाबा एकदाचे." पायावर पाय पडला की "मेलो बे!" मरणाचे शब्द आपण दिवसभर सुट्ट्या पैशांसारखे उधळतो. आणि खरोखरच कुणाच्या मनात मरणाचा विचार घोळत असेल, तेव्हा मात्र आपली बोबडी वळते. मग "तसलं काही", "वेडंवाकडं", "बरंवाईट" असले आडवळणाचे शब्द पुढं येतात.

माझं औषधांचं दुकान आहे, पूर्व भागात. २२ वर्षं झाली. गिऱ्हाईक बहुतेक यंत्रमागावरचे कामगार, घरी विड्या वळणाऱ्या बायका, त्यांची कॉलेजात जाणारी पोरं. मी डॉक्टर नाही, फार्मसिस्ट आहे. पण मनाच्या आजाराची लाज काउंटरवरून जशी दिसते तशी डॉक्टरलाही दिसत नसेल. तिकडं माणूस सांगायला जातो, माझ्याकडं आला की लपवायला लागतो.

एक अक्का गेली तीन वर्षं दर महिन्याला येतात. तेलुगू वळणाचं मराठी. दुकानात दुसरं कुणी असलं तर पायरीवर थांबतात. मोकळं झालं की आत येऊन चिठ्ठी न उलगडताच पुढं सरकवतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "अण्णा, ह्याचं नाव कापून देता का?" मला कळेना. गोळ्यांच्या स्ट्रिपवरचा छापील भाग त्यांना कात्रीनं काढून हवा होता. सून शिकलेली, ती नाव मोबाइलवर टाकून बघेल आणि गोळी कशाची ते तिला कळेल, ही भीती. मी म्हटलं, "अक्का, नाव कापलं की मुदतीची तारीखही जाते. असं नाही करता येत." शेवटी त्यांनीच तोडगा काढला. विड्या बांधायच्या दोऱ्याचा डबा असतो, त्याच्या तळाशी ही स्ट्रिप. त्या डब्याला घरात दुसरं कुणी हात लावत नाही. शुगरच्या गोळ्या मात्र देवाच्या फोटोशेजारी, उघड्यावर.

एक गोळी देवाजवळ आणि एक दोऱ्याखाली, ह्या फरकाला पुस्तकात कलंक म्हणतात. आपण "लोक काय म्हणतील" म्हणतो.

हा कलंक दोन बाजूंनी लागतो. एक बाजू लोकांची. "डोक्यावर परिणाम झालाय", "स्क्रू ढिला आहे", "येरवड्याला पाठवा ह्याला". येरवडा आपल्याला दोनच गोष्टींसाठी माहीत, तिथला तुरुंग आणि तिथलं मनोरुग्णालय. त्यामुळं आजारी माणूस आणि कैदी आपल्या डोक्यात एकाच गाडीत बसून पुण्याला जातात. दुसरी बाजू जास्त वाईट, कारण ती आतून लागते. "बाकीच्यांना काय कमी त्रास आहेत? मीच कमजोर निघालो." ज्याला असं वाटतं तो डॉक्टरकडं जाणं सोडाच, बायकोलाही सांगत नाही.

हे बदलू शकतं, आणि त्याचं उदाहरण आपल्याच गावात आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता १९४२ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी गेले. गेले ते फिटच्या आजारानं. फिट म्हटलं की अजूनही काही घरांत कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात, लग्न जमवताना तर तोंडातून शब्द काढत नाहीत. पण कोटणीसांचं नाव घेताना कुणा सोलापूरकराची मान खाली जाते का? माणूस मोठा होता आणि त्याला मेंदूचा एक आजार होता, दोन्ही गोष्टी एकत्र राहू शकतात. योगायोग असा, की त्यांचा जन्म १० ऑक्टोबरचा, आणि जागतिक मानसिक आरोग्य दिनही त्याच तारखेला येतो.

लाजेची किंमत किती, ह्याचा एक आकडा सांगतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात पाहणीच्या वेळी १०० प्रौढांमागं १० ते ११ जणांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता. आणि आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. सगळा दोष लाजेचा नाही, आपल्याकडं ह्या विषयाचे डॉक्टरही थोडे आहेत. पण डॉक्टर हाकेवर असतानाही माणूस जात नाही, हे मी रोज बघतो.

आता आजार म्हणजे नेमकं काय, ते बघू. दुःख वेगळं, डिप्रेशन वेगळं. माग बंद पडला, वडील गेले, पोरगी नापास झाली, तर वाईट वाटणारच. ते वाटायलाच पाहिजे. पण दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे मन उतरलेलं राहतं, आवडीच्या कशातही रस वाटत नाही, झोप आणि भूक बिघडते, हातून काम उरकत नाही, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटत राहतं, तेव्हा डॉक्टरांना दाखवायची वेळ आलेली असते. पूर्वी "मेंदूत एक रसायन कमी पडतं" असं सोपं करून सांगायचे. गोष्ट इतकी सरळ नाही. स्वभाव, घराण्यातला आजार, लहानपणचे घाव, कर्ज, दारू, रात्रपाळीनं मोडलेली झोप, कधी थायरॉइड, असं बरंच काही त्यात गुंतलेलं असतं. घराण्यात आहे म्हणजे पुढच्या पिढीला होणारच असंही नाही. शुगर-बीपीसारखीच शक्यता थोडी वाढते, एवढंच.

आणि हे सगळं आपल्या लोकांच्या तोंडून "मला डिप्रेशन आलंय" अशा शब्दांत येत नाही. ते अंगातून येतं. "काळजात कालवतंय", "डोकं जड", "छातीत धडधड", "हातापायात जीव नाही", "अन्न गोड लागंना". माझ्याकडं टॉनिक मागतात, ॲसिडिटीची गोळी मागतात. खरं सांगायचं तर टॉनिक खपतं म्हणून मीही वर्षानुवर्षं देत आलो.

गोळ्यांबद्दल माझ्याकडून झालेली एक चूक सांगायलाच पाहिजे. पस्तिशीतला एक कामगार डिप्रेशनच्या गोळ्या न्यायचा. तीन आठवडे झाले असतील, त्यानं विचारलं, "भाऊ, सवय तर नाही ना लागणार?" मी मोठ्या शहाणपणानं म्हणालो, "जमेल तितक्या लवकर बंद कर बाबा." त्यानं दुसऱ्या दिवसापासूनच गोळ्या बंद केल्या. दीड महिन्यानं त्याची बायको आली. तो मागावर जात नव्हता, भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. डॉक्टरांनी उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. माझं ते एक वाक्य त्या घराला फार महागात पडलं.

तर खरं काय ते ऐका. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी तलफ लागत नाही. मात्र त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी असा त्रास होऊ शकतो आणि आजार उलटू शकतो. डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि नेमका तेवढ्याच काळात माणूस कंटाळून सोडतो. पंचविशीच्या आतल्या मुलांवर सुरुवातीच्या दिवसांत घरच्यांनी जरा जास्त लक्ष ठेवायचं असतं. बेचैनी वाढलेली दिसली तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, हे खरं आहे, पण त्या वेगळ्या. लोक सगळ्यांना एकाच माळेत ओवतात. गंमत म्हणजे डिप्रेशनसाठी निघालेली एक जुनी गोळी कमी मात्रेत अर्धशिशीवरही देतात. अर्धशिशीवाला तीच गोळी काउंटरवर उभ्या उभ्या पाणी मागून घेतो.

गोळी हा एकच उपाय आहे असंही नाही. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर ह्या विषयात पुढं शिकलेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, औषध देत नाहीत. हलक्या त्रासाला नुसतं बोलण्याचे उपचारही पुरतात, जास्त असेल तर दोन्ही लागतात. देवाचं करायचं असेल त्यांनी जरूर करावं. अक्कलकोटला जाऊन या, पण जाताना चिठ्ठीतल्या गोळ्या पिशवीत असू द्या. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधणं-मारणं हा मात्र महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

आता त्या शब्दाकडं येऊ, जो आपण टाळतो.

२०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडं आहे. त्यातले २२,७४६ महाराष्ट्रातले, राज्यांमध्ये सगळ्यात जास्त. आपलं राज्य मोठं आहे, हेही त्यामागं एक कारण. मला जास्त बोचतात ते दुसरे दोन आकडे. गेलेल्यांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त रोजंदारीवरचे होते, आणि १० पैकी ७ पुरुष होते. आपल्या गावात ह्याची फोड करून सांगायला नको. गिरण्या गेल्या, यंत्रमाग कधी आठवडाभर चालतो कधी चार दिवस, आणि घरातल्या बाप्याला लहानपणापासून शिकवलेलं, "बायकांसारखा रडतोस काय?"

पेपरात एका ओळीत कारण येतं, "कर्जाला कंटाळून", "नापास झाल्याने". तेवढ्यानं काही उलगडत नाही. तेवढंच कर्ज असलेले शेजारचे दहा जण जगत असतात. एकावर एक ओझी चढत गेलेली असतात आणि पेपरवाल्याला वरचं तेवढं दिसतं. त्या माणसाला बहुधा मरण हवं असतं असंही नाही. वेदना थांबायला हवी असते, आणि त्या घडीला दुसरी वाट त्याला दिसत नसते. एक मन जायचं म्हणतं, एक मन राहायचं. ती घडी टळते. अशा प्रसंगातून वाचलेली बहुतेक माणसं पुढं आत्महत्येनं जात नाहीत. म्हणून त्या घडीला शेजारी कुणी असणं इतकं महत्त्वाचं.

मग "जीव नको झालाय" हे उकाड्याचं की खरं, ते ओळखायचं कसं? नुसत्या शब्दांवरून नाही ओळखता येत. सूर बदललेला असतो. एरवी तावातावानं बोलणारा माणूस तेच वाक्य शांतपणे बोलतो. "माझं ओझं झालंय तुम्हाला." "मी नसलो तरी तुमचं भागेल." येणी-देणी मिटवायला लागतो, जपलेली वस्तू कुणाला देऊन टाकतो, दारू वाढते, माणसांत येणं बंद होतं. कित्येक दिवस खचलेला माणूस अचानक निवांत दिसायला लागला तर ते बरं होण्याचंच लक्षण असेल असं धरून चालू नका. आधी एकदा प्रयत्न झालेला असेल तर धोका सगळ्यात जास्त. "एकदा करून बसला, आता नाही करणार" असं म्हणून आपण तिथंच गाफील राहतो. आणि "सांगणारा करत नाही" हे तर साफ खोटं. पुष्कळ जणांनी आधी कुणाला तरी सूचित केलेलं असतं.

शंका आली की विचारायचं. इथं सगळ्यांना एकच भीती असते, विचारलं तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात घुसेल. तसं होत नाही. ह्यावर अभ्यास झालेले आहेत, आणि विचारल्यानं धोका वाढल्याचं त्यांत दिसलेलं नाही. उलट ज्याच्या मनात ते आहे त्याला हायसं वाटतं, की चला, कुणीतरी नाव तरी घेतलं.

पण विचारण्यातही आपली एक खोड आडवी येते. "तू तसलं काही करणार नाहीस ना?" आपण सगळे असंच विचारतो. ह्या प्रश्नाचं उत्तर आपणच आत घालून दिलेलं असतं. समोरचा "छे छे" म्हणतो आणि दोघांची सुटका होते. त्यापेक्षा एकांत बघून, चहा समोर ठेवून, सरळ विचारा. "तुला मरून जावंसं वाटतंय का?" वडीलधाऱ्यांना, "काका, जगू नये असं वाटायला लागलंय का?" मी पहिल्यांदा असं विचारलं तेव्हा माझेच हात थरथरत होते. समोरच्यानं खाली बघत मान हलवली आणि पुढची चाळीस मिनिटं तो बोलत होता. मी शटर अर्धं ओढून घेतलं होतं, बस्स, एवढंच केलं.

उत्तर "हो" आलं तर लगेच उपदेश सुरू करू नका. "पोराबाळांकडं बघ" हे आपलं हुकमी वाक्य, पण आपण पोरांवर ओझं झालोय असंच ज्याला वाटतंय, त्याच्यावर त्यानं आणखी एक ओझं पडतं. "माझी शपथ घे" हेही नको. शपथ मोडायची वेळ आली की तो तुम्हाला सांगायचाच बंद होईल. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. ऐका. मग पुढचं विचारा, काही ठरवलंय का, कधी, कसं. ठरवलेलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. अगदी बाथरूमला गेला तरी कुणीतरी दाराशी हवं. घरातली औषधं, शेतीची रसायनं, जिवाला धोका होईल अशी प्रत्येक वस्तू त्याच्या हाताला लागणार नाही अशी कुलुपात, किल्ली दुसऱ्याकडं. आणि लगेच सिव्हिलच्या तातडीच्या विभागात न्या, किंवा ११२ लावा. प्रसंग इतका बाका नसेल तर १४४१६. ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, २४ तास, फुकट. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, हिंदीतूनही बोलता येतं, आणि आपल्या गावाला ते लागतंच. आजारी माणसानंच फोन करायचा असं नाही. घाबरलेल्या बायकोनं, मित्रानं केला तरी चालतो.

"पोलीस केस होईल हो" म्हणून कितीतरी घरांत जिवावरचं प्रकरण गुपचूप ठेवतात. जुन्या दंडविधानात कलम ३०९ होतं, आत्महत्येच्या प्रयत्नाला वर्षभरापर्यंत कैद. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं ते जवळजवळ निकामी केलं. त्याचं कलम ११५ सांगतं, की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याच्यावर खटला नको, शिक्षा नको, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलम घेतलेलंच नाही. सरकारी नोकराला कामापासून रोखायला किंवा भाग पाडायला केलेल्या प्रयत्नाचं एक वेगळं कलम आहे, तेवढंच. दवाखान्यातून पोलिसांना कळवतात, जबाब होतो, हे खरं. ती नोंद असते, शिक्षा नाही. त्या भीतीपायी दवाखान्यात नेण्यात मिनिटभरही घालवू नका.

ज्या घरातून असं माणूस गेलं, त्या घराकडं आपण कसं जातो, हे जरा आठवून बघा. एरवी मयत झाली की चूल पेटत नाही म्हणून शेजारून पिठलं-भात येतो. अशा मयतीला मात्र लोक दारातून वळतात, नाहीतर आत येऊन चौकशी करतात. "तुम्हाला काहीच कसं कळलं नाही?" ह्यापेक्षा क्रूर प्रश्न मी ऐकलेला नाही. ते घर हाच प्रश्न स्वतःला रात्रंदिवस विचारत असतं. पिठलं-भात घेऊन जा. गेलेल्याचं नाव घेऊन बोला, त्याची एखादी चांगली आठवण सांगा. कसं झालं ते विचारू नका, आणि मोबाइलवर आलेला फोटो, चिठ्ठी, काहीही पुढं पाठवू नका.

राहिला पहिल्या खेपेचा प्रश्न. सिव्हिल, म्हणजे आपलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे. केसपेपर काढताना "मानसोपचार विभाग" म्हणायचं. आवाज बारीक होतो, होऊ द्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा सोबत न्या, शुगर-बीपीच्यासुद्धा, आणि नावं न कापता. झोप किती, भूक किती, कधीपासून, हे कागदावर लिहून न्या, आत गेल्यावर आठवत नाही. दारू असेल तर खरं सांगा. मरणाचे विचार येत असतील तर तेही त्याच शब्दांत सांगा. सोबत एक माणूस असू द्या, आणि डबा न्या, कारण नंबर यायला वेळ लागतो.

रांगेत कुणी ओळखीचं भेटलं तर काय, हे सगळेच विचारतात. अक्कांनीही विचारलं होतं. मी म्हणालो, "भेटलं तर भेटलं, तेही नंबरच लावून बसलेले असतील ना?" पुढच्या महिन्यात आल्या तेव्हा पदर तोंडाला लावून हसत होत्या. रांगेत त्यांना विहीणबाई भेटल्या होत्या. सुनेची आई. दोघींनी मिळून डबा खाल्ला, आणि पोरीला सांगायचं नाही असं ठरवून दोन वेगवेगळ्या रिक्षांनी घरी आल्या.